गंज, सोमल आणि सोसायटीचा टँकर

या महिन्यात वाचकांचे प्रश्न बहुतेक पाण्याचेच आले, आणि त्यातही आर्सेनिकचे, म्हणजे सोमल ज्याचा बनतो त्या विषाचे. असं एकदम का झालं ते पहिल्याच पत्रात कळेल. मी पंचवीस वर्षं पाणी तपासण्याच्या लॅबमध्ये काढली, त्यामुळे उत्तरं जरा लांबली तर समजून घ्या.

प्रश्न : आमच्या सोसायटीत जवळजवळ सगळं पाणी टँकरचं. मागच्या रविवारी प्युरिफायर विकणारा एक मुलगा क्लबहाउसमध्ये डेमो द्यायला आला. आमच्या पाण्यात दोन रॉड सोडले, बटण दाबलं आणि दोन मिनिटांत ग्लास चॉकलेटी, वर फेस, खाली गाळ! त्याच्या मशीनचं पाणी मात्र जसंच्या तसं. म्हणाला, हे आर्सेनिक आणि हेवी मेटल. तेव्हापासून ग्रुपवर बांगलादेशातल्या आर्सेनिकच्या पेशंटचे फोटो फिरतायत आणि सासूबाईंनी नळाचं पाणी चहालासुद्धा बंद केलंय. मशीन घ्यायचं का? (एक वाचक, वाघोली)

ताई, आधी सासूबाईंना चहा करून द्या, नळाच्याच पाण्याचा.

ग्लासातला तो गाळ तुमच्या पाण्यातला नाहीच मुळी, तो रॉडचा आहे. एक रॉड लोखंडाचा असतो, करंट गेला की लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो, बास. करंट जायला पाण्यात क्षार लागतात, ते टँकरच्या पाण्यात भरपूर आणि आरओच्या पाण्यात जवळपास नाहीतच, म्हणून त्याच्या ग्लासात काही होत नाही. पुढच्या वेळी तो आला की त्याच्याच मशीनच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा, आता घाल बाबा रॉड. सगळ्यांसमोर करा, मजा येईल.

खरी गंमत पुढेच आहे. ज्या गंजाला तो मुलगा आर्सेनिक म्हणून दाखवत होता, तो गंजच जगभर आर्सेनिक पकडायला वापरतात! ताज्या गंजाला आर्सेनिक गुळाला मुंगळा चिकटावा तसं चिकटतं. अशोक गाडगीळ, मूळचे मुंबईचे, अमेरिकेत बर्कलीला प्रोफेसर होते, आता निवृत्त, त्यांच्या टीमने हेच केलं. पाण्यात लोखंडाच्या पट्ट्या, त्यातून थोडा करंट, गंज तयार होतो, आर्सेनिक त्याला चिकटतं, मग गाळ खाली बसवून वरचं पाणी घ्यायचं. पश्चिम बंगालमध्ये दक्षिण २४ परगण्यात धपधपी नावाच्या गावी हायस्कुलात दिवसाला १० हजार लिटरचा असा प्लांट उभा केला. म्हणजे तुमच्या क्लबहाउसमध्ये झालं ते पाणी शुद्ध करण्याचं प्रात्यक्षिकच, फक्त कॉमेंट्री चुकीची होती.

आता तुमच्या पाण्यात आर्सेनिक आहे का? पाण्याकडे बघून कळत नाही. त्याला रंग, वास, चव काहीच नसतं. त्या मुलाकडे टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारं यंत्र, पण असेल, त्यातही कळत नाही. हिशोब सांगते. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. तुमचा १० हजार लिटरचा टँकर धरला तर त्यात सगळं मिळून १०० मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाचे चार-पाच दाणे. आणि त्याच टँकरचा टीडीएस ८००, म्हणजे लिटरला ८०० मिलिग्रॅम, असेल तर त्यात क्षार किती? ८ किलो. आठ किलोच्या पोत्यात चार दाणे कमी की जास्त हे वजनकाटा काय सांगणार.

पण घाबरायचं फारसं कारण नाही, कारण आपली जमीन वेगळी आहे. आर्सेनिकचा मोठा त्रास नद्यांनी आणलेल्या ताज्या गाळाच्या प्रदेशात होतो: बांगलादेश, पश्चिम बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश, आसाम, नेपाळची तराई, तिकडे व्हिएतनाम, कंबोडिया. आपल्याकडे खाली काळा पाषाण, बेसाल्ट. महाराष्ट्राच्या अगदी जवळचं माहीत असलेलं ठिकाण म्हणजे गडचिरोलीला लागून छत्तीसगडचा अंबागड चौकी भाग, तिथे खडकातूनच येतं. पुण्याच्या आसपासच्या टँकरबाबत माझी भीती वेगळी आहे. टँकर कुठल्या विहिरीवर भरला, शेजारून नाला जातो का, क्लोरिन टाकलं का. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या भागात जीबीएस या नसांच्या आजाराचे पेशंट वाढले तेव्हा आर्सेनिक नाही, जंतू निघाले होते. तेव्हा सोसायटीने वर्षातून दोनदा जंतू, नायट्रेट आणि कडकपणा तपासावा, आर्सेनिक एकदा तपासून विषय मिटवावा. सॅम्पलची बाटली लॅबकडूनच घ्या, धातूंसाठी तिच्यात आधीच थोडं ॲसिड घातलेलं असतं, ते सांडू नका आणि बाटली विसळू तर अजिबात नका. मी असे विसळून आणलेले सॅम्पल आयुष्यात इतके परत पाठवलेत की लोक मला खडूस म्हणायचे.

मशीन घ्यायचं तर पाणी फार क्षाराचं आहे म्हणून घ्या, रॉड बघून नको.

प्रश्न : मी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालो. एक कळत नाही, बांगलादेशात लाखो हातपंप मारले आणि पुढे त्यांच्या पाण्यात आर्सेनिक निघालं, मग पाणी पाजण्याआधी तपासलं कसं नाही? दोष कुणाचा? (एक वाचक, कोथरूड)

काका, तुमच्या खात्याचा माणूसच हा प्रश्न विचारणार.

तपासलं होतं, पण जे शोधायचं ते शोधलं, आर्सेनिक शोधलंच नाही. १९७० च्या दशकात तिथली मुलं तळ्या-डबक्यांचं पाणी पिऊन जुलाब-कॉलऱ्याने जात होती. युनिसेफ आणि तिथल्या सरकारने हातपंपाचा धडाका लावला, नंतर लोकांनी स्वतःच्या पैशाने त्याहून जास्त मारले, कारण स्वस्त, सोपं, अंगणात पाणी. आणि तेव्हाच्या नेहमीच्या तपासणीत आर्सेनिकचा रकानाच नव्हता. गाळाच्या जमिनीत ते असेल हे कुणाच्या मनात आलं नाही, ते खाणी-कारखान्यांचं विष समजायचे.

आता ते आलं कुठून? परत गंज. हिमालयातून येणाऱ्या वाळूच्या प्रत्येक कणावर गंजाचं पातळ पांघरूण असतं आणि आर्सेनिक त्याला धरून बसलेलं असतं, हजारो वर्षं, कुणाला त्रास नाही. पण त्याच गाळात कुजकी पानं-झाडं गाडली गेली, तिथले जंतू ती खाताना सगळा ऑक्सिजन संपवतात, मग ते गंजावर उठतात, गंज विरघळतो आणि त्याच्यावर बसलेलं आर्सेनिक पाण्यात येतं. म्हणून साधारण १०० मीटरच्या आतल्या थरात त्रास जास्त, त्याच्या बरंच खाली गेलं की बहुतेक ठिकाणी पाणी चांगलं, आणि वर हवा लागणारी जुनी उघडी विहीरही बऱ्याचदा चांगली. हातपंप नेमके मधल्या थरात गेले. तुम्ही ड्रिलिंग बघितलंय, तुम्हाला हे वाचून हळहळ वाटेल.

लक्षात कधी आलं तर १९८३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालच्या खेड्यांतून आलेल्या पेशंटच्या कातडीवरून ओळखलं. मग जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती गावोगाव फिरत राहिले, सरकारला नको असलेले आकडे छापत राहिले. सीमेपलीकडे बांगलादेशात अधिकृतपणे १९९३ उजाडलं. दहा वर्षं! नदी तीच, गाळ तोच, मधे एक कुंपण. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये लिहून आलं की इतिहासात इतक्या मोठ्या लोकसंख्येला विषबाधा झालेली नाही, धोक्यात ३.५ ते ७.७ कोटी माणसं.

दोषाचं म्हणाल तर प्रकरण लंडनच्या कोर्टापर्यंत गेलं. ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षणाने १९९२ मध्ये तिथल्या विहिरींचा रिपोर्ट केला होता, त्यात आर्सेनिक तपासलं नव्हतं, म्हणून बांगलादेशातल्या एका गावकऱ्याने दावा लावला. २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला, गावकऱ्यांप्रती त्यांची तशी जबाबदारीच नव्हती असं म्हणून. कायद्याने बरोबर असेल, मला पटत नाही. रकाना रिकामा राहिला तर लॅबवाल्याने निदान ‘तपासलेलं नाही’ एवढं तरी ठळक लिहावं.

नंतर केलं ते काम मात्र मोठं. जवळपास ५० लाख हातपंप किटने तपासले, चांगल्याला हिरवा रंग, वाईटाला लाल. साधारण १४ लाख लाल निघाले. तेही तिथल्या ५० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेने, १० ची लावली असती तर आणखी निघाले असते. रंगाचा डबा हा सगळ्यात स्वस्त उपाय ठरला, कारण एका अंगणात पाणी वाईट आणि वीस पावलांवर शेजारी चांगलं असं खूपदा असतं, बायका घागर घेऊन तिकडे जायला लागल्या. पण रंग उडतो. नवे पंप मारले जातात, त्यांना रंग लावायला कुणी येत नाही. आणि सरकारने खोल हातपंप दिले तर ते कुणाच्या अंगणात गेले? ह्यूमन राइट्स वॉचच्या २०१६ च्या अहवालात आहे, पुढाऱ्यांच्या आणि त्यांच्या माणसांच्या. हे वाचून पुणेकरांना फार नवल वाटू नये.

प्रश्न : आम्ही फायनल इयर इंजिनिअरिंगचे चौघे, प्रोजेक्टसाठी आर्सेनिक फिल्टर घेतलाय. सध्या जगात बेस्ट टेक्नॉलॉजी कुठली? (एक विद्यार्थी, आकुर्डी)

अरे, बेस्ट असं काही नाही, आणि नवीन मटेरियलच्या मागे लागू नका, ते चांगलं करणारे लोक आहेत. आयआयटी मद्रासचे टी. प्रदीप आहेत, त्यांचं ‘अमृत’ लोखंडाच्याच अतिबारीक कणांवर चालतं, बरीच गावं त्यावर पाणी पितात. बांगलादेशातल्या कुष्टियाचे अबुल हुस्साम, तेव्हा अमेरिकेत प्रोफेसर, त्यांनी वाळू, कोळसा, विटांचे तुकडे आणि लोखंडाचा कीस बादल्यांत भरून सोनो फिल्टर केला, २००७ मध्ये ग्रेंजर पुरस्काराचे १० लाख डॉलर मिळाले. नेपाळच्या तराईत तर वाळूच्या फिल्टरवर साधे खिळे पसरतात, कांचन फिल्टर म्हणतात त्याला, खिळे गंजले की काम सुरू. बघितलंत ना, सगळीकडे गंज.

अडतं कुठे ते सांगते. २००५ मध्ये जादवपूरच्याच टीमने पश्चिम बंगालमधल्या आर्सेनिक प्लांटची दोन वर्षं पाहणी करून छापली, निरनिराळ्या कंपन्यांचे महागडे प्लांट, आणि त्यातला एकही सतत १० च्या खाली पाणी देऊ शकला नव्हता. केमिस्ट्री फेल गेली नव्हती. बॅकवॉश करायला, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवायला, माणूस नव्हता, आतला गाळणारा मीडिया संपला तरी बदलला नाही, पंप जळला, वाळूने पाइप चोंदले.

लांब कशाला, आमच्याच सोसायटीचं सांगते. बोअरच्या पाण्याला सॉफ्टनर बसवला, उद्घाटनाला पेढे वाटले. मीठ घालून रिजनरेट करायचं काम वॉचमनकडे. तो गावी गेला, दुसरा आला, त्याला कुणी सांगितलंच नाही. आठ महिन्यांनी मी कडकपणा मोजला तर आत जाणारं आणि बाहेर येणारं पाणी एकच. आत मिठाच्या गोण्या तशाच, उंदरांनी कुरतडलेल्या. शिकलेल्या शंभर फ्लॅटची ही कथा, तर ज्या गावात वीज सहा तास आणि मेकॅनिक चाळीस किलोमीटरवर तिथे काय होणार.

तेव्हा प्रोजेक्ट करायचाच तर दोन गोष्टी धरा. एक, फिल्टर संपला हे गावातल्या बाईला कसं कळणार? पाणी दिसायला तसंच राहतं, हाच तर वांधा. दोन, गाळाचं काय? आर्सेनिक मूलद्रव्य आहे, जळत नाही, कुजत नाही, फिल्टरमधून काढलं की गाळात जातं, आणि तो गाळ प्लांटमागच्या खड्ड्यात टाकला की पहिल्या पावसात परत आपल्याच पायाशी. आणि टेस्टिंगला आर्सेनिकचा तीन नंबरचा प्रकार (आर्सेनाइट) पाच नंबरच्यापेक्षा (आर्सेनेट) वेगळा घ्या. जमिनीखालच्या बिनऑक्सिजनच्या पाण्यात तीन नंबरवाला जास्त असतो, त्याच्यावर चार्ज नसतो, तो आरओमधून पण बराचसा निसटतो. आधी क्लोरिनने त्याला पाच नंबरचा करून घ्यावं लागतं, नुसत्या हवेने ते फार हळू होतं. गाइडने विचारलं नाही तरी एक्स्टर्नल परीक्षक हे विचारणार.

प्रश्न : रविवार पेठेत आमचं सोन्याच्या कामाचं छोटं वर्कशॉप आहे. सहा वर्षांपासून असलेला एक कारागीर पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादचा. त्याच्या तळहातावर कुरुपासारखे टणक दाणे आहेत, छातीवर काळे-पांढरे ठिपके. आम्ही समजत होतो तेजाबामुळे. तो म्हणतो, गावात खूप जणांना आहे. बाकीची पोरं त्याच्या शेजारी जेवत नाहीत. (एक वाचक, पुणे २)

सगळ्यात आधी त्या पोरांना एकत्र जेवायला बसवा. आर्सेनिकचं असलं तर ते संसर्गजन्य अजिबात नाही. तिकडच्या खेड्यांत याच गैरसमजामुळे मुलींची लग्नं मोडलीत, बायकांना माहेरी पाठवलंय.

मी डॉक्टर नाही, पण तुम्ही लिहिलंय ते वर्णन पुस्तकातलं आहे. तळहात-तळपायांवर टणक दाणे आणि अंगावर पावसाचे थेंब पडल्यासारखे ठिपके. मुर्शिदाबाद हा आर्सेनिकचा जिल्हा आहेच. त्याला त्वचेच्या डॉक्टरकडे न्या, गावाचं नाव सांगा, हातपंपाचं पाणी किती वर्षं प्यायला ते सांगा, आणि तेजाब, सांधे जोडायचा कॅडमियमचा टाका हेही लपवू नका. सोनारकामाचे स्वतःचे त्रास वेगळे असतात.

लघवीची तपासणी करून ‘नील’ आलं तर खूश होऊ नका. लघवीतलं आर्सेनिक मागच्या काही दिवसांचं सांगतं, केस आणि नखं काही महिन्यांचं. तो सहा वर्षं पुण्याचं पाणी पितोय, त्यामुळे रिपोर्ट कोरा येऊ शकतो, कातडी मात्र विसरत नाही. उताऱ्याचं औषध असं खात्रीचं काही नाही, ते पाणी बंद करणं हाच मुख्य उपाय, तो पुण्यात येऊन आपोआप झाला. पण दर वर्षी डॉक्टरला दाखवायचंच. चिलीमध्ये अंतोफागास्ता शहराला १९५८ पासून नदीचं पाणी दिलं, त्यात आर्सेनिक लिटरला ८०० मायक्रोग्रॅमच्या वर. १९७० मध्ये प्लांट बसवून ते खाली आणलं. तरी फुफ्फुसाचे आणि मूत्राशयाचे कॅन्सर पुढची कित्येक वर्षं वाढत राहिले. जखम दिसत नाही, कर्ज मात्र फेडावं लागतं, तसलं आहे हे. तंबाखू खात असेल तर आजच सोडायला लावा, दोन्ही एकत्र फार वाईट.

आणि गावी त्याचे आईबाप, बायको, मुलं त्याच पंपाचं पाणी पितात का ते विचारा. तिकडे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खात्याच्या पाणी तपासणीच्या लॅब आहेत. माझ्याकडे एकदा बिहारचा एक मुलगा रिकाम्या पाण्याच्या बाटलीत घरचं पाणी घेऊन आला होता. सॅम्पल म्हणून त्याला अर्थ नव्हता, पण त्याचं तोंड बघून किट लावला. बाटलीत पाणी, त्यात ॲसिडची पूड, जस्ताची पूड, वर झाकणात पांढरा कागदाचा चौकोन. आर्सेनिक असलं तर त्याचा गॅस होऊन वर येतो आणि कागद रंगतो. आम्ही दोघं वीस मिनिटं घड्याळ बघत बसलो. आधी पिवळा, मग हळदीसारखा, मग विटकरी. तो म्हणाला, मॅडम, हे पाणी माझी आजी साठ वर्षांची होईपर्यंत गोड म्हणून प्यायली.

प्रश्न : पाणी उकळलं, तुरटी फिरवली, तांब्याच्या हंड्यात ठेवलं तर आर्सेनिक जातं का? (तीन वाचकांनी वेगवेगळं विचारलंय, उत्तर एकच देते)

उकळून उलट वाढतं, पाणी आटतं आणि ते तिथंच राहतं. तांब्याने काही होत नाही. तुरटीने थोडं खाली बसतं, मोठ्या प्लांटमध्ये वापरतातही, पण घरी हंड्यात चार वेढे फिरवून किती गेलं हे देवाला माहीत. अंघोळ, धुणं-भांडी चालतं, कातडीतून फारसं शिरत नाही. पिणं आणि स्वयंपाक, एवढंच जपायचं.

प्रश्न : भातातही आर्सेनिक असतं म्हणे. आमच्या आईचं माहेर कोकणातलं, ती भात वेळूनच करायची, ते चांगलं का? (एक वाचक, धायरी)

असतं. खाचरात पाणी साचून चिखलातला ऑक्सिजन संपतो, मग गाळात सांगितली तीच गोष्ट मुळांपाशी होते आणि भाताचं रोप ते ओढून घेतं. भरपूर पाण्यात शिजवून पेज काढून टाकली की बरंच आर्सेनिक पेजेबरोबर जातं, अट एवढीच की शिजवायचं पाणी स्वच्छ हवं. बंगालमध्ये दोन्ही वेळ भात आणि पाणीही तेच, म्हणून तिथे हा प्रश्न मोठा. तुम्ही दुपारी वाटीभर इंद्रायणी खाताय, पोळीबरोबर. खुशाल कुकरला लावा. आणि वेळलात तर पेज मीठ घालून प्यायची सवय असेल ना आईंची? मग आर्सेनिकचा हिशोब बरोबरीत सुटला, पण चव काय असते तिला!

प्रश्न : मी मराठीची शिक्षिका होते. ‘हरताळ फासणे’ मधला हरताळ म्हणजे आर्सेनिकच ना? (एक वाचक, सदाशिव पेठ)

हो बाई, तोच. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक, पिवळाधमक खनिज. त्याचा लाल भाऊ मनशीळ, आणि पांढरा तो सोमल, गोष्टीतल्या राजाला दुधातून देतात तो. पोथी लिहिताना चूक झाली की त्यावर हरताळाचा लेप द्यायचे, अक्षर झाकलं जायचं, वर पुन्हा लिहायचं. म्हणून केलेल्या कामावर हरताळ फासणे. भांडारकर संस्थेत जुन्या पोथ्या बघायला मिळाल्या तर असे पिवळे चट्टे दिसतील. फक्त पान उलटताना बोटाला थुंकी लावू नका.